एअर फिल्टर चोक

आमची तेजस्विनी सात वर्षांची. झोपली की घोरते आणि दात खाते, दोन्ही एकदम! सासूबाईंनी जंत म्हणून वावडिंग पाजलं, शेजारच्या कुसाबाईंनी दृष्ट काढली. आवाज जसाच्या तसा.

अशात शाळेची सहल सायखेड्याला ठरली, शेतावर मुक्कामाची. तेजूने हौसेनं बॅग भरली आणि संध्याकाळी परत रिकामी केली. "हर्षलदादा मला मिक्सर म्हणतो. तिथे सगळ्याच म्हणतील. मी नाही जाणार," म्हणत तिनं भोकाड पसरलं. हर्षल माझा भाचा, त्याचा कान मी नंतर पिळलाच.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी झोपेतला आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगितला. ते काम सोमनाथने, म्हणजे तिच्या बाबांनी, अंगावर घेतलं. हे सातपूरला कारखान्यात फिटर. मशीनला स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाशी धरून, कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. लेकीच्या गालाला स्क्रूड्रायव्हर लावायचा तेवढा बाकी राहिला!

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यांनी रेकॉर्डिंग लावलं, तर पाच फिटर डबे सोडून जमले. मशीन कुठलं, हे यांनी सांगितलंच नाही.

"बेअरिंग कोरडं पडलंय, ग्रीस मार," एक जण म्हणाला.

केरूमामा तिथले सगळ्यात जुने. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "बेअरिंगला हात लावू नको. हवा कुठं अडती ते बघ. एअर फिल्टर चोक हाय."

संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं. "नाकामागची गाठ सुजलीय. श्वास अडतो, म्हणून घोरते. दातही त्यामुळेच खात असेल. औषध देतो, पण काही आठवडे लागतील."

"केरूमामा!" हे टाळी वाजवून ओरडले. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे.

सहल मात्र शनिवारीच होती. तेजूने बाबांकडून सगळं नीट समजून घेतलं आणि बॅग पुन्हा भरली. बसमध्ये चढताच तिनं जाहीर केलं, "माझा एअर फिल्टर चोक आहे. रात्री आवाज येईल. काम चालू आहे." मी बसमागे लपले.

रविवारी ती उड्या मारत उतरली. मी घाबरतच विचारलं, "मुली हसल्या का गं?"

"हसल्या ना! मी पण हसले. पण आई, सायलीला माहीतच नव्हतं, ती पण घोरते. मुलींनी सांगितलं तर रडायलाच लागली. मग मी सांगितलं, रडू नको, आपण केरूमामांना ऐकवू."