गाडी पुलावर आहे

"दामिनी, त्या किल्लीची भानगड काढून टाक," प्राचार्य म्हणाले. "दोन वायरी थेट जोड. पाहुण्यांनी बटन दाबलं की पूल वर गेला पाहिजे."

नांदेडला आमच्या कॉलेजात प्रदर्शन होतं. माझा रेल्वे पूल पत्र्याचा, खालून जहाज जावं म्हणून मधला तुकडा वर उचलला जाणारा. त्यावरून खेळण्यातली आगगाडी संथ फिरायची. खरी करामत किल्लीत होती. गाडी पुलावर असेपर्यंत ती सिग्नलच्या पेटीत अडकून राहायची. गाडी पार झाली, दोन्हीकडचे सिग्नल लाल झाले, की मगच सुटायची. ती पुलाच्या पेटीत फिरवल्याशिवाय बटन कितीही दाबा, उपयोग शून्य.

"न्हाई काढणार, सर," मी म्हणाले. "किल्ली काढली तर ह्यो पूल न्हाई, जत्रेतला पाळणा हाय."

"मग लातूरच्या विभागीय प्रदर्शनाला तुझं नाव जाणार नाही."

त्या नावासाठी मी चार महिने पत्रा कापला होता. तरी मला राग आला. माझे वडील वैजनाथ, आमचे अण्णा, भोकरकडच्या एका रेल्वे फाटकावर गेटमन होते. गाडी येत असताना एका पुढाऱ्याच्या ताफ्यासाठी त्यांनी फाटक उघडलं नाही, म्हणून चारचौघांत त्यांच्या थोबाडीत बसली. तरी फाटक उघडलं नाही. आणि त्यांच्या लेकीनं वायरी जोडायच्या?

पाहुणे आले, हारतुरे झाले. त्यांनी बटन दाबलं. पूल ढिम्म. पुन्हा दाबलं. मागं कुणीतरी हसलं.

"बंद पडलं का?" पाहुण्यांनी विचारलं.

"चालू हाय, साहेब. गाडी पुलावर हाय. जरा थांबावं लागंल."

त्यांना थांबायची सवय नसावी. घड्याळ बघून ते पुढच्या टेबलाकडं गेले. प्राचार्यांनी माझ्यासमोरच यादीतल्या माझ्या नावावर काट मारली. मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलं.

प्रदर्शन बघायला आलेले अण्णा मागच्या रांगेतून उठून आले. तोवर गाडी पार झाली होती. सिग्नल लाल झाले. मी किल्ली काढली, पुलाच्या पेटीत फिरवली.

"दाबा, अण्णा."

अण्णांनी वाकून आधी रूळ पाहिला. मग डावीकडचा सिग्नल पाहिला.

"आवरा आता लवकर," प्राचार्य म्हणाले.

"थांबा की साहेब, बघून राहिलो."

मग त्यांनी उजवीकडचा सिग्नल पाहिला, आणि बटन दाबलं.