नऊ नंबरची बंडी

रक्षाचे वडील सकाळी फॅक्टरीच्या बसने कामावर गेले, की ती जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत शिरायची आणि दार ओढून घ्यायची. संध्याकाळी बस त्यांना परत सोडायची, तेव्हाही ती त्याच खुर्चीत असायची. अडीच महिने झाले, ती एक बैलबंडी, म्हणजे बैलगाडी, करत होती.

बंडी खरी नव्हे, कॉम्प्युटरवरची. रक्षा आणि तिची कॉलेजातली मैत्रीण रीना मिळून मोबाईलचा एक गेम बनवत होत्या. खेळणाऱ्याने एका गावातून पळायचं आणि वाटेत लपायच्या जागा शोधायच्या. कोड रीनाचा, घरं, झाडं, वस्तू रक्षाच्या. घरं झाली, झाडं झाली, आणि बंडीपाशी सगळं अडलं.

कोंढ्याला मामाकडे जाऊन तिने बंडीचे दोनशे फोटो काढले होते. आता ती चाक इतकं मोठं करून बघायची, की एकच खिळा सगळा पडदा व्यापायचा. खिळ्याचा गंज आधी फार लाल वाटला, मग फार काळा. तो जमला, तर शेजारचा खिळा त्याच्यासारखाच दिसायला लागला. दोन खिळे सारखे गंजत नाहीत, म्हणून तिने सगळे पुसले. प्रत्येक नवी बंडी ती नंबर घालून दोघींच्या फोल्डरात ठेवायची, पण झाली असं म्हणायची नाही.

आधी ती अशी नव्हती. गेल्या वर्षी तिने कॉम्प्युटरवर केलेलं दगडी जातं एका ऑनलाइन ग्रुपवर टाकलं, तेव्हा कुणीतरी दाखवून दिलं, की दगडावर एकच भेग दोन ठिकाणी चिकटवली आहे. खाली शे-दीडशे लोक हसले. तेव्हापासून कुणी बघायच्या आत आपणच चूक शोधायची, असं तिने ठरवलं. आणि शोधली की ती सापडायचीच.

"जेवून घे ना वं," आई, पुष्पाबाई, दारातून म्हणायची. "किती दिवस एकच चाक पाहून राहिली?"

"एवढं झालं की येते."

खुर्चीत बसवत नव्हतं आणि खुर्ची सोडवतही नव्हती.

रीनाचे फोन कमी झाले. मग एका मंगळवारी ती भंडाऱ्याहून ऑटोने आली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसली.

"मी एक काम केलं, तुले न विचारता," ती म्हणाली. "आपल्या फोल्डरातून तुझी बंडी उचलली अन् गेममध्ये टाकली."

रक्षा खुर्चीतून वळली. "कोणती?"

"नऊ नंबरची. दीड महिन्याआधीची."

"ती कच्ची होती. काहून टाकली? मले विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतं काय?"

रक्षाला रागाने रडू येत होतं.

रीनाने गेम सुरू केला. गावच्या रस्त्यावर दोन बंड्या उभ्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. "यातली एक नऊ नंबरची. दुसरी तू काल ठेवली ती, एकेचाळीस नंबरची. सांग, कालची कोणती?"

रक्षाने गेममध्ये पळायला सुरुवात केली. बंड्या जवळ आल्या, मागे गेल्या. ती वळली. तीनदा ये-जा केली.

"डावी," ती म्हणाली. "चाक पाह्य ना तिचं."

"डावी नऊ आहे."

पुष्पाबाई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. रक्षाने पडदा आणखी जवळ ओढला, पुन्हा पाहिलं. मधल्या एकतीस बंड्या कुठेच दिसत नव्हत्या. रीनाही जिंकल्यासारखी दिसत नव्हती.

"मले वाटलं होतं, तू तरी ओळखशील," ती हळूच म्हणाली.

चहा निवला. मग रक्षा म्हणाली, "नऊच राहू दे. हलकी आहे, फोन अटकणार नाही."

यादीत पुढे विहीर होती. रक्षाने ती शुक्रवारपर्यंत द्यायचं कबूल केलं. शुक्रवारी तिला विहिरीचा कठडा वाकडा वाटला. तिने तो पाचदा रचला आणि पाचदा मोडला. शनिवारी दुपारी मात्र फाइल फोल्डरात ठेवून दिली. आतल्या दोन दगडांवरचं शेवाळ सावलीऐवजी उन्हाच्या बाजूला आलं होतं. तिला ते माहीत होतं. ठेवल्यावर मोकळं वगैरे काही वाटलं नाही. ती उठली, अंगणात जाऊन उभी राहिली, दहा मिनिटांनी परत आली. विहिरीच्या फाइलवर बोट गेलं आणि थांबलं. मग तिने यादीतलं पुढचं नाव वाचलं. कुंपण.