येणाऱ्याची भाकर

पवनारच्या बुद्धविहारात मागच्या भिंतीला टेकून एक लाल प्लास्टिकची खुर्ची असते. तिच्यावर कुणाचं नाव नाही, पण गावात कुणालाही विचारा, ती पंचफुलाबाईची. तिचे गुडघे मुडपत नाहीत, आणि खाली बसलीच तर उठवायला दोघी लागतात, म्हणून विहाराच्या मंडळानं ती आणली. पंचफुलाबाईनं तोंडावर आभार मानले आणि घरी येऊन पदरात रडून घेतलं. तिचे मालक प्रेमदास असताना अगदी पुढे बसून वंदना म्हणायचे. आता ही सगळ्यांच्या मागे आणि सगळ्यांपेक्षा उंच. फोटोची वेळ आली की चपला सांभाळायच्या निमित्तानं बाहेरच निघून जायची. एकच इच्छा उरली होती: एकदा बायांच्या रांगेत खाली बसून जमिनीला डोकं टेकवायचं.

डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, गुडघे साथ देतील.

"पण मी खातोच काय?" ती शेजारच्या सरिताला विचारायची. "एक भाकर अन् मूठभर भात. मले तं हवाच लागते."

"पवनारची हवा आमालेबी लागते वो काकू," सरिता म्हणायची, "मंग आमचे ब्लाऊज काऊन नाई उसवत?"

पंचफुलाबाई खोटं बोलत नव्हती. ताटात एकच भाकर असायची, चहा बिनसाखरेचा, सकाळी लिंबूपाणी, आणि हे सगळं चारचौघांना दिसेल असं. न दिसणारं होतं ते वेगळंच.

प्रेमदासचं बसस्टॉपजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. वर्ध्याची शेवटची बस चुकलेला माणूस दिसला की ते त्याला सरळ घरी जेवायला आणायचे. म्हणून पंचफुलाबाई रोज एका माणसाचं जास्तीचं रांधायची. प्रेमदास गेले, दुकानाच्या जागी मोबाईलवाला आला, आणि बस चुकलेला माणूस आता फोन करून कुणाची तरी मोटरसायकल बोलावतो. तरी येणाऱ्याची भाकर थापली जातच होती. सगळ्यांची जेवणं आटोपली, कुणी येत नाही असं नक्की झालं, की ती ओट्यापाशी उभ्याउभ्या ती भाकर संपवायची. सोबत उरलेलं वरण, आणि वांग्याच्या भाजीची तर्री कढई पुसून. अन्न टाकायचं कसं? आणि उभ्यानं खाल्लेलं तिनं जेवणात कधी धरलंच नाही.

हे पाहिलं सुनेनं. दीपमाला आंजी गावची, बोलायची कमी आणि बघायची जास्त. एका संध्याकाळी तिनं घरच्यापुरतंच रांधलं. पंचफुलाबाईनं टोपलं उघडलं आणि भडकलीच.

"पाहुणा आला तं काय वाढशीन? आंजीचे लोक असेच हात आखडून राहतात काय?"

"पाहुणा तं रोजच येते आई," दीपमाला शांतपणे म्हणाली. "ओट्यापाशी उभा राहून जेवते, अन् मंग तुमच्याच अंगात मुक्कामाले राहते. तुमी एकट्या कुठं आहा? दोघं आहा."

मुलाला, रत्नदीपला, हसताना ठसका लागला. मग त्यानं आईचा चेहरा पाहिला आणि ताट उचलून अंगणात गेला.

 दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाईनंच विषय काढला, पण आवाज भांडणाचा नव्हता. "भाकर बंद केली तं तुह्या सासऱ्याचं काय राहीन या घरात?"

 आपण भाकर मोजत होतो आणि सासूबाई त्या भाकरीत माणूस सांभाळत होत्या, हे दीपमालाच्या आत्ता ध्यानात आलं. संध्याकाळी तिनं माहेरहून आणलेला स्टीलचा डबा घासूनपुसून काढला.

"भाकर बंद नाई करायची आई. फक्त भाजायची नाई. पाहुण्याचं पीठ रोज यात टाकू. कोणी आला तं ताजी थापून वाढू. नाई आला तं पुनवेले विहारात भोजनदानाले देऊ. बाबांचाच पाहुणा जेवीन."

पंचफुलाबाईनं डब्याकडे पाहिलं, आणि पहिली ओंजळ स्वतःच टाकली.

पुढचं काही एका झटक्यात झालं नाही. हात सवयीनं रिकाम्या टोपल्याकडे जायचा आणि मग दिवसभर सुनेवर चिडचिड व्हायची. दीपमाला ऐकून घ्यायची आणि भाजीतलं तेल आणखी कमी करायची. ताटात आधी अंबाडी नाहीतर चवळी, मग वरण, भात शेवटी, वर ताक. दिवेलागणीला सगळ्यांनी सोबत जेवायचं, बसून. महिने गेले, आणि पंचफुलाबाईला ब्लाऊजची शिवण पहिल्यांदाच आत घ्यावी लागली.

"पाहुणा गेला वाट्टे काकू," सरिता म्हणाली; दीपमालाचं ते बोलणं तिच्यापर्यंत केव्हाच पोचलं होतं.

"गेला ना. पण अर्धं सामान इथंच ठिवून गेला."

आषाढ पुनवेला विहारात कुणीतरी सवयीनं लाल खुर्ची पुढे केली. पंचफुलाबाईनं ती बाजूला सारली, भिंत धरली आणि हळूहळू खाली बसली. गुडघे कुरकुरले, पण मुडपले. वंदनेला तिनं डोकं जमिनीला टेकवलं आणि तसंच राहू दिलं, इतका वेळ की सरिता घाबरली.

"काकू, अटकल्या काय?"

"चूप वं. मालकाशी बोलून राह्यलो मी."

मग पंगत बसली. डब्यातल्या पिठाच्या भाकरी होत्या. शेजारी अल्लीपूरची एक म्हातारी बसली होती, कुणाच्या तरी सोबत आलेली, ओळख ना पाळख. तिनं घास घेतला आणि विचारलं, "कोणाच्या घरचं पीठ हाय माय? मोठी गोड भाकर."

"माह्या मालकाच्या घरचं," पंचफुलाबाई म्हणाली. "पोटभर खा."

स्वतःची एक भाकर संपवून तिनं ताटावर हात धरला. दीपमाला दुसरी वाढायला वाकली होती; तिला मनगट धरून पंचफुलाबाईनं शेजारी बसवलं, आणि स्वतःच्या हातानं तिच्या ताटात भाजी वाढली.

जेवणानंतर उठताना हात लागलाच. पण एकच, आणि तो सुनेचा. तो हात पंचफुलाबाईनं उभी राहिल्यावरही सोडला नाही.

"आंजीले गेली तं तुह्या मायले सांगजो," ती पुटपुटली, "पोरगी दिली थे लय बरं केलं म्हणा. आता चाल, तिकडं फोटो काढून राह्यले. चपला कोणी दुसरं सांभाळन."