वज्रवेगाचा डबा

सायलीच्या गोळ्या पन्नास मीटरवरच्या कागदावर उभ्या रांगेत पडत. एक वर, दुसरी खाली, तिसरी तिच्याही खाली. डावी-उजवीकडे केसभर फरक नाही. गोधडीला टाके घालावेत तशी कागदाच्या मधोमध भोकांची शिवण.

"श्वास," धर्मेंद्र सर म्हणायचे. "श्वास आवरत नाही तुला."

सर जिल्हा नेमबाज मंडळाचे शिक्षक. माणूस भला, पण मंडळाची रायफल, मंडळाची काडतुसं आणि सरांची नेमणूक, तिन्ही मोतीलाल शेठच्या मर्जीवर. शेठ मंडळाचे अध्यक्ष, आणि बुऱ्हाणपूरच्या बुधवारा बाजारात त्यांचंच बंदुकांचं दुकान. तसं सरांचं म्हणणं अगदी खोटंही नव्हतं. घोडा दाबताना छाती हलली की नळी वर-खाली होते आणि भोकं उभी पडतात, असं पुस्तकातच आहे.

म्हणून एकोणीस वर्षांची सायली चार महिने श्वास शिकत होती. उठता-बसता मोजायची. चहावर फुंकर घालता घालता थबकायची. आईबरोबर पापड लाटताना ओव्या म्हणणारी पोर, तिनं गाणं सोडलं. म्हणे गाण्यात श्वास सांडतो. जन्मल्या घटकेपासून आपसूक चाललेली गोष्ट, पण तिच्यावरचा तिचा भरवसाच उडाला.

इंदूरच्या राज्यस्पर्धेला मंडळ एकच मुलगी पाठवणार होतं, कारण धड रायफल एकच होती. निवड रविवारी. पण फॉर्मवर सायलीच्या नावापुढे सरांचा शेरा आधीच येऊन बसला होता: 'श्वासावर ताबा नाही.' दुसरं नाव शेठच्या पुतणीचं, तृप्तीचं. तिच्यापुढे शेरा नव्हता. तिची दहाच्या दहा भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात.

सायलीचे वडील जीवन, पॉवरलूमचे मिस्त्री. मागावरच्या पत्र्यावर कोरलेला वेग बुऱ्हाणपुरातला कुठलाही मिस्त्री खरा धरत नाही. पत्रा म्हणतो मिनिटाला एकशे ऐंशी, माग देतो एकशे चाळीस. मिस्त्री स्वतः मोजतो, मग तोंड उघडतो. एका संध्याकाळी जीवननं लेकीचा काडतुसांचा डबा हातात घेतला. डब्यावर वीज, विजेवर बसलेला ससाणा, ससाण्याखाली लाल अक्षरं: 'वज्रवेग! सेकंदाला १०८० फूट!'

"हे कुणी मोजलं?"

"कंपनीनं, पप्पा."

"कंपनीनं छापलं. मोजलं कुणी ते विचारतोय मी."

धागा तुटला की ओळखणारे प्रकाशाचे डोळे नव्या मागांवर असतात. तसले दोन डोळे जीवननं एका पट्टीवर मीटरभर अंतरानं बसवले आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत गोळी किती वेगानं गेली ते दाखवणारा आकड्यांचा डबा त्यांना जोडला. पोळपाटावरून सायलीची आई लीलाबाई म्हणाली, "पोरी, आधी जेवी ले. गोळीचा वेग मोजाल मग, भाकर गार होतेय तिचा वेग मला दिसतोय."

रविवारी सगळे ताप्तीकाठच्या बंद वीटभट्टीच्या खड्ड्यात जमले. तेच मंडळाचं मैदान. शेजारी केळीची बाग, उन्हात पानं पसरून निवांत उभी. जीवननं यंत्र मांडलं तसे मोतीलाल शेठ पोट हलवत हसले.

"जीवनभाऊ, ये क्या? गोळी विणणार का तुम्ही?"

"मोजणार, शेठ."

"मोजा ना, मना कोण करतंय? पण नवीन मशीन आहे, पूजा तर होऊ द्या!"

दर दसऱ्याला शेठ मंडळाच्या रायफलीला हळद-कुंकू वाहत, तसा त्यांनी नारळ फोडला, उदबत्ती ओवाळली आणि भक्तिभावानं यंत्राच्या दोन्ही डोळ्यांवर ठसठशीत कुंकू लावलं.

सायलीनं गोळी झाडली. कागदाला भोक पडलं. यंत्रावर शून्य.

"घ्या!" शेठनी टाळी वाजवली. "मिस्त्रीच्या मशीनच्या हिशेबानं गोळी निघालीच नाही! मग भोक काय उंदरानं पाडलं?"

माणसं हसली. सायलीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. जीवन उठला, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही डोळे पुसले आणि म्हणाला, "शेठ, देवाला कुंकू लावलं तरी त्याला दिसतं. याला नाही दिसत. मार ग पोरी."

सायलीनं पाच गोळ्या झाडल्या. जीवन आकडे पुकारत गेला: "नऊशे अठ्ठेचाळीस. एक हजार एकतीस. नऊशे दोन. एक हजार बारा. नऊशे सदुसष्ट."

एक हजार ऐंशी कुठंच नव्हतं, आणि हळू गेलेली गोळी कागदावर खाली लागते, वेगात गेलेली वर. बांधावर बसलेल्या लीलाबाईनं पदर तोंडाला लावला, पण ओवी काही पदरात राहिली नाही:

*डब्याच्या झाकणावर, वाऱ्याच्या गं पुढं वेग*
*गोळी निघाली बाई, जशी सासरला लेक*

आता माणसं दुसऱ्या बाजूनं हसली. शेठनी रुमाल काढला.

"असं आहे बघा, कंपनीची टेस्टची नळी लांब असते."

"किती लांब?" जीवननं विचारलं.

"लांब म्हणजे लांब. और एक बात, नदीकाठची हवा जड असते. वरून हे ऊन. वेग म्हणजे काय, अंदाज असतो भाऊ! आणि कमी तर कमी, सगळ्यांनाच कमी. न्याय एकच झाला ना?"

"तृप्तीला नाही," सायली म्हणाली.

सगळ्यांनी तृप्तीकडे बघितलं. तृप्तीनं आपल्या हातातल्या डब्याकडे बघितलं. निळा, साधा, ना वीज ना ससाणा. काकांनी तिच्यासाठी बाहेरदेशातून मागवलेला.

"काका म्हणाले होते, डबे सारखेच असतात, रंग फक्त वेगळा," ती हळूच म्हणाली. मग तिनं स्वतःच त्यातली तीन काडतुसं भरली आणि झाडली. एक हजार सहासष्ट. एक हजार एकाहत्तर. एक हजार एकोणसत्तर. तिन्ही भोकं एकमेकींच्या कुशीत.

सायली पुढे आली. "तृप्ती, रायफल तीच राहू दे. तू माझी दहा मार, मी तुझी दहा मारते."

"याची काय जरूरत?" शेठ म्हणाले. "निवड म्हणजे काय बायांची भिशी आहे, अदलाबदल करायला?"

पण तृप्तीनं वज्रवेगचा डबा उघडलासुद्धा होता. ती पालथी निजली, सर शिकवत तसा श्वास सोडला, थांबली, बोट दाबलं. दहा वेळा. सर कागद घेऊन आले. वर, खाली, त्याच्याही खाली. कागदाच्या मधोमध उभी शिवण.

सरांचं तोंड सवयीनं उघडलं. "श्वा..."

"वारा!" शेठ मोठ्यानं म्हणाले. "आज वारा फार आहे, सर."

सर केळीच्या बागेकडे बघत राहिले. इतकं रुंद पान, जे कुणी शिंकलं तरी हलतं, ते चित्रातल्यासारखं स्थिर होतं. वारा सायलीच्या वेळी चार महिने आला नव्हता. आज शेठच्या पुतणीच्या वेळी नेमका शेठच्या तोंडात आला होता.

मग सायली निजली. निळ्या डब्यातलं पहिलं काडतूस भरलं. श्वास मोजायला लागली आणि मध्येच मोजणं विसरली. विसरली ते बरंच झालं. शेतात वाकलेली बाई पाठीवरच्या लेकराचा श्वास मोजत नाही. तो चालतो, आणि तिचा हातही चालतो. दहा गोळ्या झाल्या. सरांनी कागद आणला, त्यावर नाणं ठेवलं. नाण्याबाहेर काहीच उरलं नाही.

सरांनी फॉर्म काढला, शेऱ्यावर आडवी रेघ मारली.

"सर," शेठ गोड आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षी मंडळाला काडतुसं कुठून येतील, त्याचा विचार केलात?"

"केला," सर म्हणाले. आता श्वास त्यांचा आवरत नव्हता. "हळू आली तरी चालतील, शेठ. निदान सारखी येऊ द्या." आणि त्यांनी निवडीच्या रकान्यात सायलीचं नाव लिहिलं. तृप्तीनं निळा डबा सायलीच्या हातात दिला. काका बघत असताना दिला, हे विशेष.

घरी परतताना लीलाबाईनं ओवी धरली आणि दुसरी ओळ मुद्दाम सोडून दिली. ती सायलीनं म्हटली.

इथवर गोष्ट सरळ होती. पण धंदेवाला माणूस हरला तरी फुकट हरत नाही. मंगळवारी बुधवाऱ्यात मोतीलाल शेठच्या दुकानावर बारा फुटी फलक चढला. सायलीचा हसरा फोटो, मागे वीज, खांद्यावर ससाणा, आणि खाली: 'इंदूरला निघालेली आपली लाडकी सायली! घडली कुणावर? वज्रवेगवर! सेकंदाला १०८० फूट!'

दुपारी सायली दुकानासमोर उभी राहून वाचत होती. शेठ दोन्ही हात पसरत बाहेर आले.

"आओ बेटा, आओ! कसा वाटला? अख्खा इतवारा बाजार बघून गेला."

"छान आहे, काका. शिडी आहे का?"

"फोटो काढणार? वर चढून? वा!" शेठनी स्वतः शिडी आणली, फलकाला टेकवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आरामात चढ. मी आहे ना."

सायली चढली. पिशवीतून काळ्या शाईचं जाड पेन काढलं. एक हजार ऐंशीवर रेघ मारली आणि त्याच्याखाली, सगळ्या बाजाराला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, एकाखाली एक लिहायला लागली: ९४८. १०३१. ९०२.

खाली माणसं जमली. कुणी चहाचा पेला घेऊन, कुणी अर्धवट मोजलेलं कापड खांद्यावर टाकून.

"ए सायली! उतर! क्या कर रही है!" शेठ ओरडले. शिडी डगमगली. भर बाजारात, आपल्याच दुकानापुढे, आपणच लाडकी म्हणवलेली पोर पडली असती. त्यांनी शिडी आणखी घट्ट धरली.

"हलवू नका हो, काका," वरून सायली म्हणाली. "दोन आकडे राहिलेत."