पहिली घागर डोणीची

प्रिय बालमित्रांनो, माझ्या घडणीपासून ते सन एकोणीसशे सहासष्टच्या पावसाळ्यापर्यंतची हकीकत, एका मुक्या जिवावर व एका पाड्यावर ओढवलेले संकट आणि त्यातून झालेली सुटका, हे सर्व मी आज आपणांपुढे यथाशक्ती निवेदन करणार आहे. कृपया शांत चित्ताने ऐकावे.

मी एक जुनी दगडी डोण आहे. मनोरहून पालघरकडे जाताना डोंगराच्या कुशीत एक लहानसा पाडा लागतो. तेथील विहिरीशेजारी, गुरांच्या पाण्यासाठी मला ठेविले आहे. चिंधू नावाच्या पाथरवटाने काळ्या कातळातून मला घडविले. एका बाजूस त्याची छिन्नी अंमळ जास्त चालली व माझा काठ बसका झाला. तो हळहळला, परंतु त्या उणिवेमुळेच सशामुंगुसांची तोंडे माझ्या पाण्यास पोहोचू लागली.

पाड्यातील स्त्रियांचा एक रिवाज होता. सकाळी विहिरीवर जी प्रथम येईल, तिने पहिली घागर डोणीत ओतावी, मग स्वतःची भरावी. लाडकी नावाची वृद्धा हा रिवाज कसोशीने पाळीत असे.

मित्रांनो, पाऊस चांगला झाला, तर डोंगरातील ओहळ होळीपर्यंत वाहतात व रानातील जीव खाली उतरत नाहीत. परंतु सन पासष्टला पाऊस भाद्रपदापूर्वीच निघून गेला. ओहळ लवकर आटले. खेकडे बिळांत खोल गेले. माघातच मोर माझ्या काठावर आले, त्यांच्यामागून रानडुकरे आली. चैत्रात एक भेकर, ते लहानसे बुजरे हरीण, भर दुपारी येऊ लागले. बिबट्याचा पंजा आणि भेकराचा खूर मी एकाच ओल्या मातीत उमटलेले पाहिले. तहानेपुढे भीतीचे काही चालत नाही, हे मला तेव्हा कळले.

वैशाखात विहिरीत केवळ गुडघाभर पाणी उरले. तेव्हा लाडकीचा पुतण्या नवशा पहार घेऊन आला. सोबत तिघे होते.

"काकी, डोण पालथी घालतो," तो म्हणाला. "गुरांना घरीच पाजू. रानातल्यांना नदी हाय."

"नदी दीड कोस हाय."

"त्यांना चार पाय हाईत. आपल्याला दोनच."

"पण त्यांना घागर भरता येत नाय रे," लाडकी म्हणाली.

"मंग आमी काय पोरांना तहानेलं ठेवू?"

लाडकी बाजूला सरली. चौघांनी मला पालथे घातले. माझे तोंड मातीला लागले. खरे सांगते, मला नवशाचा राग आला नाही. त्याचे मूल अवघे तीन महिन्यांचे होते.

तिसऱ्या दुपारी भेकर आले. माझ्या कोरड्या पाठीवर त्याने नाक टेकविले, माझ्याभोवती दोन फेऱ्या घातल्या. मग पाण्याच्या वासाने ते विहिरीकडे वळले. आमच्या विहिरीला कठडा नाही. त्याचा पाय निसटला.

पाडा धावून आला. जनावर आत मेले असते, तर ते पाणी प्यावयाच्या लायकीचे राहिले नसते आणि तान्ह्या मुलांसह सर्वांना नदीची वाट धरावी लागली असती. नवशाने कमरेला दोर बांधला व कोंबड्यांचे मोठे डालगे घेऊन तो आत उतरला.

"डोळ्यांवर गोणपाट टाक आदी," लाडकी वरून म्हणाली. "दिसलं नाय म्हंजे गप ऱ्हाईल."

आतून धडपड ऐकू आली, पाठोपाठ नवशाचा आवाज आला, "गप नाय ऱ्हायलं, काकी. लाथ घातली."

"तू डोण पालथी घातलीस, त्यानं लाथ घातली. फिटलं. आता डालग्यात घाल."

लोक हसले, आणि हसतहसतच त्यांनी दोर ओढला. डालगे वर आले. गोणपाट काढताच भेकर क्षणभर थरथरत उभे राहिले, मग एका उडीत कुंपण ओलांडून रानात दिसेनासे झाले. पाणी ढवळले होते, पण बाटले नव्हते. साऱ्या पाड्याने मोकळा श्वास घेतला.

नवशा फुटलेल्या ओठानिशी वर आला. त्याने पहार उचलली. चौघांनी मला उलथून सरळ केले. त्याने घागर शेंदली व माझ्यात ओतली.

"अर्धीच वत," लाडकी म्हणाली. "अर्धी घरी ने. पोराची आय वाट बघते."

त्या दिवसापासून अर्ध्या घागरीचा रिवाज पडला, तो पाऊस येईतो टिकला. दुसऱ्याच सकाळी माझ्यापाशी खुरांचे ताजे ठसे होते.

मृग कोरडा गेला. आर्द्रा नक्षत्राने मात्र डोंगर भिजविला. ओहळ वाहू लागले. मोर वर गेले, भेकर वर गेले. माझ्यात शेवाळ धरले व बेडकांची पिल्ले पोहू लागली. आता दिवस दिवस माझ्याकडे कोणी फिरकत नाही. मित्रांनो, याबद्दल माझी कीव करू नका. मला कोणी विचारीत नाही, त्या दिवशी रानात सर्वांची तहान भागलेली असते. मात्र ओहळ आटले, की अर्धी का होईना, घागर ओतावी, एवढीच माझी विनंती आहे.

डोणीचे हे मनोगत आपण शेवटपर्यंत वाचले, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
चंद्रभान झुंबर खरात
मुक्काम बोईसर