रंभाचा पत्रा

"काकी, तो पत्रा खाली ठेवा. आता इथला खिळासुद्धा कंपनीचा आहे."

प्रितेशने हे भर फाटकात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर सांगितलं. रंभाने जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेला पत्रा काखेत आणखी घट्ट धरला. हा प्रितेश म्हणजे शेजारच्या चिकूवाडीवाल्यांचा पोरगा. लहान होता तेव्हा याच फाटकाला लोंबकळून तिच्याकडे चिंचा मागायचा. आज कंपनीने साइट मॅनेजर केला, तर स्वारी काकीलाच नियम शिकवायला लागली!

धाकट्या डहाणूत, खाडीच्या तोंडाशी ही सरकारी प्रयोगशाळा. पाटीवरचं नाव हातभर लांब, पण गावात सगळे 'गंजखातं' म्हणत. पुलांचं, बोटींचं लोखंड खाऱ्या वाऱ्यात किती टिकतं ते इथे बघायचे. पत्रे उघड्यावर वर्षानुवर्षं टांगून ठेवायचे आणि मुदत भरली की गंज ठोकून काढायचा, ॲसिडात धुवायचा, पत्रा काट्यावर ठेवायचा. जेवढं वजन कमी भरेल तेवढं समुद्राने खाल्लं. हसायचं तर हसा, पण या खाडीवरचा पूल उभा आहे तो याच उद्योगाच्या जिवावर.

जुने साहेब गोविंदराव यांची एक पद्धत होती. कामाला लागणाऱ्याने पहिल्या दिवशी आपलं नाव ठोकलेला एक पत्रा आपल्या हाताने टांगायचा. काम सुटेल त्या दिवशी तो उतरवून, साफ करून, सगळ्यांसमोर वजन करून त्याला घरी द्यायचा. शास्त्रज्ञ असो की झाडूवाला, पत्रा सगळ्यांना. चिमण ड्रायव्हर त्याच्या पत्र्यावर सुके बोंबील भाजतो, पण दसऱ्याला त्यालाच हारही घालतो.

रंभा नवी नवरी असताना इथे झाडायला आणि पत्रे धुवायला रोजंदारीवर लागली. 'यंदा कायम करतो' हे ऐकता ऐकता केस पिकले. आणि मग सरकारने गंजखातं कंपनीला देऊन टाकलं, भाजीवर कोथिंबीर द्यावी तसं. कंपनीला माणसं नको होती, पत्रे हवे होते. इतकी वर्षं वारा खाल्लेलं लोखंड बाजारात कुठे मिळणार? आज रंभाचा शेवटचा दिवस. निरोप द्यायला कोणी साहेब उरला नव्हता, म्हणून तिने आपला पत्रा आपणच उतरवला होता.

"माझा हाय तो. नाव बघ ठोकलेलं."

"नाव असेल हो. हेड ऑफिसला जुनी सॅम्पलं गंजासकट पाहिजेत, आणि हे सगळ्यात जुनं. माझी नोकरी जाईल."

"माझी गेली, तेव्हा कुठे होतास?"

प्रितेश हातातली यादी चाळू लागला.

"लोखंड सरकारने आणलेलं, कबूल," रंभा म्हणाली. "पण वरचा गंज? तो तर माझ्यासमोर चढलाय. तो कोणाचा रे?"

"गंज पण कंपनीचा."

घ्या! समुद्राचा वारासुद्धा यांनी विकत घेतला! वॉचमन सुनिल मान खाली घालून चपलेने वाळू उकरत राहिला. रंभाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज तिने चढवला नाही.

"बरं. ठेवते आत."

"थँक्यू, काकी," म्हणत प्रितेशने सुटकेचा निःश्वास टाकला. वेडा कुठला!

रंभा टांगायच्या जागेकडे गेलीच नाही. ती धुण्याच्या शेडमध्ये शिरली, हातोडी घेतली आणि ठोकायला लागली. गंजाच्या पापडासारख्या खपल्या फरशीवर पडू लागल्या. मग तारेचा ब्रश, मग हातमोजे घालून ॲसिडचा टब. आवाज ऐकून सुनिल आणि त्याच्यामागे प्रितेश धावत आला.

"काकी! अहो, सॅम्पल गेलं! सुनिल, धर तिला!"

"साहेब, ॲसिड हाय ते. मला हातमोजे नाय दिले कंपनीने," असं म्हणून सुनिल दारातच उभा राहिला. दारही त्याने असं अडवलं होतं की प्रितेशला आत शिरता येईना.

रंभाने पत्रा पाण्यात खळबळून काढला, पुसला आणि उजेडात धरला. कधीकाळी चांगला जाड होता. आता कडा झिजून वेड्यावाकड्या झाल्या होत्या आणि मध्ये आरपार भोकं पडली होती. एका भोकातून खाडी दिसत होती. क्षणभर तिला वाटलं, ही काय अवदसा आठवली आपल्याला! पण तिने तो नेऊन काट्यावर ठेवला.

"हे घे तुमच्या कंपनीचं लोखंड. वजन कर, प्रितेश. जेवढं कमी भरेल ना, तेवढं माझं."

प्रितेशने काट्याकडे बघितलंच नाही.

रंभाने हातमोजे खुंटीला अडकवले. रोजच्यासारखा झाडू घेऊन फरशीवरचा गंज गोळा केला, फडक्यात बांधला आणि फाटकाबाहेर पडली. सुनिलने तिला अडवलं नाही.