भिंगाखालच्या तांबड्या काड्या

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीसमोर एक कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवरच्या लाकडी पेटीत मी राहतो. मी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. जन्मभर मी इतरांकडे पाहिलं, आणि जे पाहिलं ते मला पुरतं कळलं असंही म्हणवत नाही. पण एक भीती अजून मनातून जात नाही. ती तुम्हांला सांगतो.

माझी भिंगं परदेशात घासली गेली. मुंबईच्या दुकानातून मला लीलाबाईंनी घेतलं. त्या नुकत्याच डॉक्टर झाल्या होत्या. ताम्हिणी घाटाच्या वाटेवरच्या एका खेड्यात त्यांनी दवाखाना काढला आणि एस.टी.तून मला मांडीवर घेऊन त्या तिथे गेल्या. हिवतापाचे जंतू मी पहिल्यांदा दाखवले, तेव्हा त्यांनी माझ्या नळीवरून हात फिरवला होता. तेवढं कौतुक मला पुष्कळ झालं.

मलमपट्टीला तिथे गोजराबाई असत. हात हलका आणि जीभ तिखट.

एका उन्हाळ्यात फुलाबाई आपल्या नवऱ्याला, काळूला, झोळीत घालून घेऊन आली. काळू डोंगरात लाकडं जाळून कोळसा पाडायचा. मातीनं लिंपलेली भट्टी विझली असं समजून तो वर चढला आणि भट्टी खचली. डावा पाय गुडघ्यापर्यंत भाजला. लीलाबाईंनी पेनिसिलिन सुरू केलं. गोजराबाई रोज जखम धुऊन पट्टी बांधू लागल्या.

पहिले काही दिवस बरे गेले. मग पट्टीवर निळसर हिरवा डाग दिसू लागला. खोलीत पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास पसरला.

"पालवी फुटाया लागली मला," काळू म्हणाला. "आता आंबं बी धरतील."

"गप ऱ्हा मुडद्या," गोजराबाई म्हणाल्या. "तुज्या आंब्याला कुत्रं इचारायचं न्हाई."

फुलाबाई हसली नाही. "बाई, पाय ऱ्हाईल न्हवं? पायाबिगर डोंगर कसा चढंल ह्यो?"

पू असाच वाढला, तर पाय कापावा लागणार होता. लीलाबाईंनी काचेवर पू पसरला, जांभळा रंग दिला, आयोडीन घातलं, स्पिरिटनं धुतलं आणि शेवटी तांबडा रंग चढवला. जे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, त्यांतले बरेच पेनिसिलिननं मरतात. यांनी जांभळा सोडून तांबडा घेतला होता. फुटक्या पेशींमध्ये बारीक तांबड्या काड्याच काड्या. मी एवढंच दाखवू शकलो. माणसाच्या पोटातही अशा काड्या असतात. ह्या त्याच की दुसऱ्या, हे मला सांगता येईना.

लीलाबाई पू घेऊन पुण्याच्या एका प्रयोगशाळेत गेल्या. परत आल्यावर त्यांनी गोजराबाईंना सांगितलं, "पोटातले जंतू साखर आंबवतात. हे साखरेच्या नळीत वाढले, पण त्यांनी साखर आंबवली नाही. शिवाय बशीतलं त्यांचं खाद्य हिरवंगार झालं. हे स्यूडोमोनास. पेनिसिलिन यांना लागू पडत नाही."

"मग लागू काय पडतंय?"

"पॉलिमिक्सिन आणलंय. पण ते मूत्रपिंडाला इजा करतं."

मग रोज सकाळी काळूची लघवी माझ्याखाली येऊ लागली. जखमेवर पातळ केलेल्या ॲसिटिक आम्लात भिजवलेल्या कापडाच्या घड्या ठेवत, तेव्हा त्याची ओरड बाहेरच्या वाटेवर ऐकू जाई. "तोंडाला मुंग्या आल्यात बाई," तो एकदा म्हणाला. तोही त्या औषधाचाच त्रास, आणि त्याच सकाळी लघवीत मला मूत्रपिंड दुखावल्याच्या खुणा दिसल्या. लीलाबाईंनी लगेच मात्रा कमी केली. औषध वाढवावं तर मूत्रपिंड जाईल, थांबवावं तर पाय. आणि हे सगळं मी दाखवीन त्यावर ठरणार! माझं चुकलं तर?

तेवढ्यात गावातला भैरू पुन्हा आला. विळ्यानं कापलेला त्याचा हात गोजराबाईंनी आठवड्यापूर्वी धुऊन बांधला होता, तो आता हिरवा पडला होता. काळूला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. मग जंतू त्याच्याकडे गेले कसे?

लीलाबाईंनी विहिरीचं पाणी, चिमट्यांवरची ओल, कापसाचे तंतू, सगळं माझ्याखाली घालून पाहिलं. काही सापडलं नाही. शेवटी त्यांनी जखमा धुण्याच्या औषधाच्या बाटलीतला थेंब घेतला. त्यात काही जगणार नाही, अशी माझी खात्री होती. पण त्या थेंबात काड्या इकडून तिकडे धावत होत्या.

"देवाशपथ, ती बाटली मी कदी रिती पडू दिली न्हाई," गोजराबाई कळवळून म्हणाल्या. "घरात मिठाची बरणी न् हितं ही बाटली. तळ दिसू द्यायचा न्हाई, आईनं शिकवलंय."

लीलाबाईंनी बाटली उजेडात धरली. "आणि मी त्याबद्दल तुमचं कौतुक करत होते."

ओल्या बुचात आणि तळाशी उरलेल्या औषधात ते जंतू टिकून होते. रोज नवं औषध त्यांच्यावरच ओतलं जात होतं.

गोजराबाईंनी बाटली मोरीत रिकामी केली. तळ दिसताच त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग बाटली उकळली, बूच चुलीत गेलं, काचेचं झाकण आलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी बाटली उकळून खिडकीत पालथी पडू लागली.

भैरूचा हात लवकर भरला. काळूच्या पुवातल्या काड्याही हळूहळू विरळ झाल्या. जखमेत लाल मांस भरू लागलं. पायाची दोन बोटं गेली, पण पाय राहिला. निघताना तो म्हणाला, "पालवी गळाली बाई." त्या दिवशी फुलाबाई हसली.

पुढे लीलाबाई थकल्या आणि त्यांनी मला तुमच्या शाळेला दिलं. इथल्या ओलीनं माझ्या भिंगावर बुरशीचे धागे चढलेत. कोणी पेटी उघडत नाही. मला आता नीट दिसत नाही.

तरी पेटीच्या नि कपाटाच्या फटीतून खिडकीतली एक बाटली अंधूक दिसते. हात धुण्याच्या औषधाची. तिला बूच आहे. ती कधी रिकामी झालेली मी पाहिलेली नाही.

मित्रांनो, माझी भिंगं नंतर पुसा. आधी ती बाटली ओतून टाका, उकळा आणि उन्हात पालथी ठेवा.